बिग बॉयची ताकद नक्की कुठे असते?

माझे बाबा कर्जतचे, त्यामुळे गाडीला मागून आणखी इंजिनं कशाला लावतात हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून माहिती. भोर घाटाचा चढ १ इन ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर, आणि एवढ्या चढाला गाडीचं स्वतःचं इंजिन पुरत नाही म्हणून कर्जतला मागून बँकर जोडतात आणि ते गाडीला ढकलत ढकलत लोणावळ्याकडे चढवतात. तर असे हे बाबा आमच्याकडे डेन्व्हरला आले तेव्हा पहिल्याच शनिवारी मी त्यांना फोर्नी म्युझियमला घेऊन गेलो, कारण तिथे युनियन पॅसिफिक रेल्वेचं ४००५ नंबरचं इंजिन उभं आहे, ज्याला सगळी दुनिया बिग बॉय म्हणते. बाबा एका टोकाकडून चालायला लागले ते चालतच राहिले, इंजिन आणि टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, मिळून जवळपास १३३ फूट लांब आहे ते. मग परत फिरून एका चाकापाशी येऊन थांबले. चाक ६८ इंची, म्हणजे ५ फूट ८ इंच. बाबा ५ फूट ६. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर आडवा पंजा धरला, तसाच सरळ चाकाला टेकवला, आणि वर किती उरलं ते बघितलं. मग मला विचारलं, "अरे, पण एवढं मोठं केलंच कशाला? मागे बँकर लावायचा की."

बाबांचा हा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, कारण बँकर लागू नये म्हणूनच तर हे इंजिन बनवलं होतं.

युटा राज्यातल्या ऑग्डेनवरून पूर्वेला वायोमिंगकडे निघालं की वसॅच नावाची डोंगररांग आडवी येते. तिथला चढ आहे १.१४ टक्के, म्हणजे साधारण ८८ फुटाला १ फूट. आपल्या घाटाच्या मानाने हे काहीच नाही असं वाटेल, बाबांनाही वाटलंच, पण तिथे मालगाडी असायची हजारो टनांची आणि चढ मैलोनमैल संपत नाही. जोडइंजिन लावायचं म्हणजे जास्तीचा ड्रायव्हर, जास्तीचा फायरमन, जोडायला वेळ, सोडायला वेळ, आणि नंतर ते रिकामं इंजिन खाली परत आणायचं, तेवढा वेळ लाईन अडकून राहते ते वेगळंच. युनियन पॅसिफिकला हवं होतं असं एकच इंजिन, जे ३,६०० टनांची गाडी या चढावर एकट्याने नेईल आणि पलीकडे सपाटीला लागलं की इंजिन न बदलता जोरात पळेलसुद्धा. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी गावी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी होती, म्हणजे अल्को, त्यांनी १९४१ मध्ये अशी २० इंजिनं बनवून दिली आणि युद्धाची मालवाहतूक वाढली तशी १९४४ मध्ये आणखी ५. एकूण २५, बस. (अल्को हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे, कोकण रेल्वेवर वर्षानुवर्षं धूर सोडत धावलेल्या डिझेल इंजिनांपैकी कितीतरी मूळ अल्कोच्याच डिझाइनची, ती वाराणसीला बनायची.) नाव खरं तर वसॅच ठेवायचा विचार होता, पण कारखान्यातल्या कुठल्याशा कामगाराने पहिल्या इंजिनाच्या तोंडावर खडूने "बिग बॉय" लिहून टाकलं आणि तेच चिकटलं.

आता ताकदीचं बघू. इथे बहुतेक लेख नुसते आकडे फेकतात, साडेपाचशे टन वजन, इतके हॉर्सपॉवर, आणि वाचणारा आ वासून पुढे जातो, समजत काहीच नाही. मला स्वतःला हे समजायला बरीच वर्षं लागली म्हणून जरा सावकाश सांगतो.

इंजिनाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात, एक खेच आणि दुसरी ताकद. गाडी जागेवरून हलवायची ती खेच, आणि हललेली गाडी वेगाने ओढत राहायची ती ताकद. बैलाला खेच भरपूर असते पण पळत नाही, आणि घोडा पळतो पण चिखलात रुतलेली गाडी काही त्याच्याने निघत नाही. बिग बॉयकडून लोकांना दोन्ही हवं होतं, सगळी गोम तिथेच आहे.

खेच समजायला सोपी आहे. बॉयलरमधला वाफेचा दाब होता चौरस इंचाला ३०० पौंड. तुमच्या घरचा कुकर साधारण १५ पौंडाला शिट्टी मारतो, म्हणजे हा दाब कुकरच्या वीसपट. ही वाफ ज्या पिस्टनवर येते त्याचा व्यास पावणेचोवीस इंच, एखाद्या मोठ्या परातीएवढा. क्षेत्रफळ काढून ३०० ने गुणलंत तर एका पिस्टनवर साधारण ६० टनांचा धक्का येतो. असे ४ पिस्टन. हा धक्का जाडजूड दांड्यांमधून चाकांपर्यंत जातो, दांड्यांची आणि चाकांच्या मापाची भानगड जमेस धरून कागदावर रुळाला मिळते ती खेच १,३५,३७५ पौंड, म्हणजे ६१ टनांच्या जवळपास.

पण चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. नुसता जोर असून उपयोग नाही, चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं तर गाडी इंचभरसुद्धा हलत नाही. साधा हिशोब असा की ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असेल त्याच्या पाव हिश्शाएवढीच खेच रूळ झेलतो. बिग बॉयच्या १६ ओढणाऱ्या चाकांवर मिळून वजन आहे ५,४०,००० पौंड. त्याचा पाव हिस्सा १,३५,०००. वरचा आकडा परत बघा! म्हणजे जेवढी पकड होती जवळपास तेवढाच जोर दिला, ना कमी ना जास्त, मला तर हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आणि रूळ ओला असला की पकड कमी होते म्हणून बॉयलरच्या पाठीवर वाळूच्या पेट्या असतात, त्यातून पाइपने चाकांसमोर वाळू सोडतात.

आता खरी गंमत, म्हणजे ताकद. ती चाकात नसते आणि पिस्टनमध्येही नसते. ती बॉयलरमध्ये असते. हे ज्यांनी नीट ओळखलं नाही त्यांची फार पंचाईत झाली. १९१४ मध्ये ईरी रेल्वेसाठी बाल्डविन कंपनीने ट्रिप्लेक्स नावाचं इंजिन बनवलं होतं, त्यात चाकांचे तीन संच, दोन इंजिनाखाली आणि तिसरा चक्क टेंडरखाली. कागदावर खेच १,६०,००० पौंड, म्हणजे बिग बॉयपेक्षा जास्त. गाडी हलवायचं, त्याबद्दल वाद नाही. पण थोडा वेग घ्यायचा म्हटलं की सहा सिलिंडर एवढी वाफ प्यायचे की बॉयलर तेवढी वाफ बनवूच शकायचा नाही, दाब उतरायचा आणि इंजिन गोगलगायीसारखं रांगायला लागायचं. सहा तोंडं खाणारी आणि चूल एकच, असा प्रकार. शिवाय टेंडरमधलं पाणी जसजसं संपायचं तसं त्याखालच्या चाकांवरचं वजनही कमी व्हायचं, म्हणजे पकडही गेली.

बॉयलर कसा असतो हे मराठी माणसाला समजावणं सगळ्यात सोपं, कारण आपल्याकडे बंब होता. आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता, मधोमध नळी, नळीत खाली पेटती लाकडं नि गोवऱ्या, आणि नळीच्या बाहेरून पाणी. आग पाण्याच्या पोटातून जाते म्हणून पाणी झटकन तापतं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे असा बंब आडवा झोपवलेला, फक्त नळी एक नसून शेकडो, आणि भट्टी एका टोकाला. भट्टीतला जाळ त्या सगळ्या नळ्यांतून धावत पुढच्या टोकाला जातो आणि जाता जाता पाण्याला उष्णता देतो. जितक्या नळ्या, जितकी मोठी भट्टी, तितकी वाफ. बिग बॉयच्या भट्टीतली जी जाळी, जिच्यावर कोळसा पेटतो, ती १५० चौरस फुटांची आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, ज्यात सहा-सात माणसांचे संसार झाले. तेवढी जागा भरून नुसते निखारे. एवढं मोठं करायचं कारण म्हणजे युनियन पॅसिफिकच्या वायोमिंगमधल्या खाणींचा कोळसा जरा हलक्या प्रतीचा होता, कमी उष्णतेचा कोळसा म्हणजे जास्त जाळायला लागणार, जास्त जाळायचा तर जागा जास्त.

पूर्ण जोरात असताना तासाला दहा टनांच्या आसपास कोळसा लागायचा. कोणी कितीही तगडा असला तरी फावड्याने एवढं घालणं माणसाचं काम नाही, म्हणून टेंडरपासून भट्टीपर्यंत एक फिरणारा लांब स्क्रू असायचा, पिठाच्या गिरणीत धान्य सरकावं तसा कोळसा पुढे सरकायचा आणि भट्टीच्या तोंडाशी वाफेचे झोत तो आत चारी कोपऱ्यांत उडवायचे. फायरमनच्या हातात मग कॉक आणि डोळ्यांत काळजी, कारण पाण्याची पातळी सतत बघत राहायला लागायची. भट्टीचं छत कायम पाण्याखाली पाहिजे, ते उघडं पडलं आणि तापून मऊ झालं की बॉयलर फुटलाच म्हणून समजा. टेंडरमध्ये पाणी २४,००० गॅलन, म्हणजे ९० हजार लिटर, आपल्याकडे उन्हाळ्यात गावात १० हजार लिटरचे टँकर येतात तसे नऊ टँकर. ते सगळं वाफ होऊन आकाशात.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चुलीत जाळ नीट लागला नाही की आजी फुंकणी घ्यायची. एवढ्या प्रचंड भट्टीला फुंकणी कोण घालणार? तर इंजिन स्वतःच घालतं. पिस्टनला ढकलून झाल्यावर उरलेली वाफ सरळ बाहेर सोडून न देता धुराड्याच्या बरोबर खालून वर सोडतात, ती जोरात वर जाताना सोबत धूर ओढून नेते, त्यामुळे नळ्यांतली हवा ओढली जाते, त्यामुळे भट्टीत खालून ताजी हवा घुसते आणि जाळ भडकतो. आपण ज्याला झुकझुक म्हणतो ना, तो आवाज याचाच आहे, प्रत्येक झुक म्हणजे फुंकणीची एक फुंक. इंजिन जितकं जास्त राबेल तितक्या फुंका जोरात, तितका जाळ जास्त, तितकी वाफ जास्त. कुठला सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, इंजिनाला जेव्हा जास्त वाफ हवी असते तेव्हा ते आपोआप जास्त बनवतं. ट्रिप्लेक्समध्ये नेमकी इथेही चूक झाली होती, टेंडरखालच्या सिलिंडरांची वाफ धुराड्यात न येता मागच्या मागे बाहेर जायची, म्हणजे फुंकणीच अर्धी.

बिग बॉयला चार सिलिंडरांची वाफ, दोन धुराडी, आणि भरपूर मोठा बॉयलर. म्हणून १९४३ च्या चाचण्यांत ताशी ४० मैलांच्या आसपास वेगाला मागच्या गाडीपर्यंत पोचलेली ताकद ६,३०० हॉर्सपॉवरच्या जवळ मोजली गेली. आता आपल्याकडे नागपूरला डेपो असलेलं डब्ल्यूएजी-१२ हे विजेवरचं इंजिन १२,००० हॉर्सपॉवरचं आहे, दुप्पट, पण त्याची वीज दूर कुठेतरी बनून तारेतून येते. बिग बॉय आपलं अख्खं वीजघर पाठीवर घेऊन डोंगर चढायचं, खाण, पाणी, भट्टी सगळं सोबत. आणि खरं बोलायचं तर हॉर्सपॉवरमध्ये ते पहिलं नाहीच. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचं अ‍ॅलेघेनी इंजिन, तेही १९४१ चंच, कोळशाच्या गाड्या ओढायचं, त्याची एका चाचणीत ७,४९८ हॉर्सपॉवर नोंद आहे. माझ्या मते अ‍ॅलेघेनीचं कौतुक व्हायला पाहिजे तेवढं झालेलं नाही, पण आज एकही अ‍ॅलेघेनी चालत नाही आणि एक बिग बॉय चालतं, फरक तिथे पडतो.

एवढं लांब इंजिन वळणावर वळतं कसं हे बाबांनी विचारलंच. एका बॉयलरखाली खरं तर दोन इंजिनं आहेत, प्रत्येकाला आठ ओढणारी चाकं. मागचा संच बॉयलरला पक्का बसवलेला, पुढचा संच एका बिजागरीसारख्या सांध्यावर डावी-उजवीकडे फिरतो. वळणावर पुढची चाकं रुळाबरोबर वळतात आणि वरचा बॉयलर मात्र सरळच राहतो, त्यामुळे समोरून बघितलं तर इंजिनाचं तोंड रूळ सोडून बाहेर लटकल्यासारखं दिसतं. अ‍ॅनातोल माले नावाच्या स्विस इंजिनिअरने १८८४ च्या सुमाराला ही पद्धत काढली. आणि दोन्ही संच एकमेकांना दांड्याने जोडलेले नसल्यामुळे एक गंमत होते, दोघांची झुकझुक कधी एका तालात येते, कधी हळूहळू सरकत वेगळी होते, परत एक होते. दोन तबलजी एकाच ठेक्याला बसलेत पण एकाची लय केसभर पुढे, तसं.

हे मी ऐकलंय, म्हणून सांगतोय. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ४०१४ नंबरचं बिग बॉय डेन्व्हरला आलं होतं, परत वायोमिंगमधल्या शायेनला जायच्या दिवशी मी सुट्टी टाकली, लेकीची शाळा बुडवली आणि ग्रीलीच्या पुढे शेतांमधल्या एका फाटकापाशी जाऊन थांबलो. तिथे आधीच पंचवीस-तीस गाड्या. एक म्हातारे आजोबा व्हीलचेअरवर, मांडीवर घोंगडी, ते रुळाकडे तोंड करून बसलेले. आधी शिट्टी ऐकू आली, ती भोंग्यासारखी एकसुरी नसते, तिच्यात तीन-चार सूर एकत्र असतात आणि शेवटी ओढत ओढत खाली येते. मग क्षितिजावर पांढरं काहीतरी. मग पायाखालची खडी थरथरायला लागली, आवाजाच्या आधी. मग ते आलंच. समोरून गेलं तेव्हा गालाला धग लागली, चुलीचं झाकण काढल्यावर लागते तशी, आणि तोंडावर कोमट पाण्याचे बारीक थेंब, गरम तेलाचा वास. लेक माझा हात धरून दांड्यांकडे बोट दाखवत ओरडत होती, "बाबा, त्याचे हात बघ, हात!" तिच्या पांढऱ्या टीशर्टवर काळे ठिपके पडले होते, ते घरी दोनदा धुतला तरी गेले नाहीत. आजोबा गाडी गेल्यावरही बराच वेळ तसेच बघत होते, कोणी काही बोललं नाही.

लोकांना हे का आवडतं यावर पुष्कळ लिहिलं जातं, जुने दिवस वगैरे. मला लेकीचं ते "हात बघ" जास्त पटतं. डिझेल इंजिन म्हणजे बंद पेटी, आत काय चाललंय दिसत नाही, विजेचं तर आवाजही करत नाही. इथे सगळं उघड्यावर आहे. आग दिसते, पाणी दिसतं, वाफ दिसते, दांडा चाकाला कसा ढकलतो ते सात वर्षांच्या पोरीला न समजावता कळतं, आणि चढ लागला की श्वास जड झालेला ऐकूसुद्धा येतो. त्या श्वासाच्या मागे माणसंही होती, हे मात्र विसरू नये. फोर्नीमधलं ४००५ तेच, जे १९५३ मध्ये दक्षिण वायोमिंगमध्ये रूळ सोडून कुशीवर पडलं, तिघे कर्मचारी गेले. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चाकावरचा हात काढून नमस्कार केला.

मग एवढं चांगलं होतं तर बंद का केलं? कारण वाफेचं इंजिन फार खातं आणि फार माणसं अडकवतं. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम पाच-सहा टक्के गाडी ओढायला वापरली जाते, बाकी सगळी धुराड्यातून वर. डिझेलचं याच्या चारपाचपट चांगलं. वाफेला ठिकठिकाणी पाणी भरा, राख काढा, बॉयलर धुवा, आणि डिझेलची चार इंजिनं एकमेकांना केबलने जोडली की एकच ड्रायव्हर चारही चालवतो. याच्यापुढे कोणाचं काय चालणार. बिग बॉयने शेवटची मालगाडी ओढली २१ जुलै १९५९ ला. ४०१४ तोपर्यंत दहा लाख मैलांच्या वर धावलं होतं. २५ पैकी ८ उरली, वेगवेगळ्या म्युझियममध्ये, बागांमध्ये, बाकीची भंगारात गेली.

४०१४ कॅलिफोर्नियात पोमोना गावच्या जत्रेच्या मैदानात पन्नासेक वर्षं उभं होतं. २०१३ मध्ये युनियन पॅसिफिकने ते परत घेतलं, पण मैदानापासून रेल्वेच्या रुळापर्यंत रूळच नव्हता, मध्ये नुसता पार्किंग लॉट. मग त्यांनी डांबरावर तात्पुरते रूळ टाकले, इंजिन थोडं ओढलं, मागचे रूळ उचलून परत पुढे आणून टाकले, परत ओढलं, असं करत करत बाहेर काढलं. शायेनच्या वर्कशॉपमध्ये ते पार सुटं करून परत बांधलं आणि मे २०१९ मध्ये, अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेला १५० वर्षं झाली त्या सोहळ्याला, ते स्वतःच्या वाफेवर ऑग्डेनला पोचलं. त्याच ऑग्डेनला, जिथून वसॅचचा चढ सुरू होतो. आता ते कोळशाऐवजी तेलावर चालतं. १९४६ मध्ये ४००५ वर तेलाचा प्रयोग करून बघितला होता, तेव्हा भट्टी सगळीकडे सारखी तापेना म्हणून दोन वर्षांत परत कोळशावर आणलं, ते यांनी आता जमवून दाखवलं.

बाबा भारतात परत गेल्यावर, २०२३ च्या जूनमध्ये, नेब्रास्कात ब्लेअर गावाजवळ एक मालगाडी चढावर बंद पडली. डिझेलची, हल्लीची, साधी रोजची मालगाडी. मागून ४०१४ येत होतं, ओमाहाहून घरी परत चाललेलं. लाईन तर अडलेली. मग ते हळूच येऊन त्या मालगाडीला मागून टेकलं आणि ढकलत ढकलत चढावरून पुढे नेलं. मी त्याच रात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी, कर्जतला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग आतल्या खोलीकडे तोंड करून आईला ओरडून सांगितलं, "अगं, ते आपण बघितलेलं इंजिन, त्याच्या भावाला काल बँकरची ड्यूटी लागली!"